अनसू आणि सीतेची वेणी

घाटाच्या पायथ्याशी, कुडाच्या इवल्याशा घरात अनसू आणि तिची आई राहायच्या. घर लहान, आणि कणगीतलं धान्य त्याहून थोडं. आई लोकांच्या शेतावर राबायची, अनसू घर सांभाळायची. वय म्हणाल तर आठ वर्षांचं, पण हट्ट मात्र ऐंशी वर्षांच्या आजीचा.

गेल्या वर्षी उन्मळून पडलेल्या एका जांभळीवरून बाबांनी सीतेच्या वेणीचं रोपटं घरी आणलं होतं. "हिला फुलं आली की तुझ्या केसांत माळीन," असं ते आईला म्हणाले होते. फुलं यायच्या आधीच बाबा तापाने गेले. आईने फुलं माळणं सोडलं. पण बाबांचा शब्द आपण खरा करायचा, असं अनसूने मनाशी पक्कं केलं.

दारातली सगळ्यांत मानाची जागा तुळशीवृंदावनाची. तिने रोपटं तिथे मातीत लावलं, शेणखत घातलं. रोज अंघोळ झाली की एक तांब्या तुळशीला, एक तांब्या वेणीला. वर हळदकुंकूही वाहायची. आणि रोपटं? ते आपलं दिवसेंदिवस पिवळंच पडत चाललं. शेवटी दोन पानं उरली.

एका सकाळी ती तांब्या घेऊन वाकली, तोच पानाआडून कुणीतरी खोकलं. अंगठ्याएवढी परी होती. गुलाबी-जांभळे चिमुकले पंख भिजून अंगाला चिकटले होते.

"पुरे गं बाळे," परी म्हणाली. "हे रोपटं माझं घर आहे. ते गेलं की मीही गेले. जाण्याआधी तुझी एक इच्छा पुरी करीन. पण गेलेलं माणूस मागायचं नाही, आणि हे रोपटं जगव असंही मागायचं नाही. स्वतःच्या घरावर माझी जादू चालत नाही."

अनसूच्या डोळ्यांपुढून जरीचा परकर, तुपातले लाडू, चांदीचे पैंजण सगळं झगमगत गेलं. तिने त्या उरलेल्या दोन पानांकडे पाहिलं.

"माझं काय चुकलं, तेवढं सांग."

"त्यात तुझी इच्छा संपेल. दुसरी मागता यायची नाही."

"संपू दे."

परीने तिच्याकडे नीट पाहिलं. "तुळशीचा मान दिलास, पण मी तुळस नव्हे. माझी मुळं झाडावर वाऱ्यात राहतात, मातीत कुजतात. मला सावलीतल्या फांदीवर बांध. मुळं पांढरी दिसली तरच पाणी शिंपड. हिरवी असली तर थेंबही नको." एवढं बोलून ती पानात मिटून गेली.

अनसूने रोपटं उपटलं, कुजकी मुळं विळीने कापली आणि अंगणातल्या आंब्याच्या फांदीला काथ्याने अलगद बांधलं. पण खरं कठीण काम पुढेच होतं. पाणी न घालण्याचं.

"दारातलं झाड तहानलेलं ठेवू नये गं," शेजारच्या तानूकाकी म्हणाल्या.

"मुळं अजून हिरवी आहेत, काकी," अनसू म्हणाली. उरलेल्या दोनांतलंही एक पान गळलं. त्या दिवशी ती खूप रडली, पण तांब्याला हात लावला नाही. रोज सकाळी ती आधी मुळं बघायची, मग तोंड धुवायची.

महिन्याभराने मुळाला हिरवं टोक फुटलं. मग पान आलं, मग दुसरं. आणि वर्ष फिरून ज्येष्ठात गुलाबी-जांभळ्या फुलांचे लांब घोस लोंबू लागले. घोसाच्या टोकावर परी झोके घेत होती.

"तुला काय देऊ?"

"माझी इच्छा तर संपली ना?"

"मागण्याला नियम आहे. न मागता द्यायला मला कोण अडवतंय?" परी हसली, चंदेरी उजेडाची रिमझिम झाली आणि त्यातच ती विरून गेली. घरात कणगी तांदळाने काठोकाठ भरली होती, ती पुढे कधी रिकामी झालीच नाही.

संध्याकाळी आई शेतावरून आली. अनसू एक घोस घेऊन उभी होती.

"आई, खाली बस."

"मला नाही गं चालत आता."

"बाबांनी सांगितलंय."

आईने त्या फुलांवरून हात फिरवला. मग ती पायरीवर बसली, आणि आपल्याच हाताने अंबाडा सोडून तिने लेकीकडे पाठ केली.