हरण्यानं निवडलेलं बी

काळ्याभोर मातीचं एक गाव होतं. फार मागची गोष्ट आहे, इतकी मागची की त्या गावाचं नावही आता कुणाला आठवत नाही. तिथं राणोजी नावाचा शेतकरी राहायचा. घरात तो, त्याची बायको चांगुणा आणि दोन लेकरं. गोठ्यात हरण्या आणि पाखऱ्या ही बैलजोडी. हरण्या वयानं थोरला, शांत. पाणी पाजायला नेलं तर आधी पाखऱ्याला पिऊ द्यायचा.

राणोजीच्या बापाची एक रीत होती. ज्वारी काढणीला आली की म्हातारा उभ्या पिकातून सावकाश फिरायचा. एखादं ताट, म्हणजे ज्वारीचा उभा धांडा, बोटांनी दाबून बघायचा, बुडखा चावून बघायचा, आणि मनाला पटलं तर त्याचं कणीस बाजूला काढायचा. ती कणसं चुलीवरच्या आढ्याला टांगलेली असत. धुरामुळं बियाला कीड लागत नसे. त्या ज्वारीचं ताट माणसाच्या डोक्यावर हातभर जायचं आणि चवीला गोड असायचं. दाणा मात्र बेताचाच होता.

म्हातारा गेला, तशी आढ्याची कणसं राणोजीच्या हाती आली.

पेरणीच्या आधी राणोजी बाजाराला गेला. तिथं एक परगावचा माणूस पासोडी अंथरून बी विकायला बसला होता. दाणा कसला, तुरीएवढा, पांढराशुभ्र. राणोजीनं मूठभर उचलला आणि त्याला तो खाली ठेववेना.

"बघा पावणं, हातात घेऊन बघा," तो माणूस म्हणाला. "ठेंगणी ज्वारी आहे. वाऱ्यानं लोळत नाही. कणीस मुठीत मावत नाही."

राणोजी बी घेऊन घरी आला. चांगुणानं दाणा बघितला, तीही हरखली. मग तिनं विचारलं, "आणि ताट केवढं होतं म्हणं?"

"कमरेएवढं. अगं, ताट काय आपण खातो?"

"आपण नाही खात," चांगुणा म्हणाली आणि गोठ्याकडं बघत उभी राहिली. पण नवरा खुशीत होता. तिनं पुढं काही काढलं नाही.

आता जुन्या बियाचं काय करायचं? कणसं आढ्यावरून उतरवली, बडवली, जात्यावर दळली, भाकरी करून खाल्ली. भाकरी गोड लागली. चूक पोटात जाते तेव्हा गोडच लागते.

ठेंगणी ज्वारी बोलल्यासारखी पिकली. कणगी भरली, दुसरी आणली, तीही भरली. लोक खळ्यावर येऊन बघून गेले. राणोजी त्या दिवसांत जरा ताठ चालायचा.

पण कडब्याची गंजी रचायला घेतली तर ती त्याच्या छातीलाही लागेना. दर साली ती गोठ्याच्या छपरावरून दिसायची. राणोजीनं एक पेंढी हरण्यापुढं टाकली. हरण्यानं हुंगली, दोन पानं ओढली आणि तोंड फिरवलं. राणोजीनं ताट मोडून बघितलं. आत कोरडा भुसा, रसाचा थेंब नाही.

"भूक लागली की खाईल," तो म्हणाला.

भूक लागली, तसं हरण्यानं खाल्लंही. पण चैत्र सरायच्या आत गंजी संपली. बैलांच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. पाऊस अजून दोन महिने लांब होता. गावातला एक जण जाता जाता म्हणाला, "राणोजी, बैल विकून टाक. आणि कणगीलाच नांगराला जुंप."

राणोजी हसला नाही. त्यालाही तेच दिसत होतं. मंगळवारी बाजार होता. सोमवारी चांगुणानं हरण्याच्या शिंगांना तेल लावलं आणि आत गेली. राणोजी दावं हातात धरून बसून राहिला. हरण्या त्याचा हात चाटत होता, हाताला लागलेल्या पिठासाठी.

राणोजी उठला आणि शेजारच्या आवडाईकडं गेला. आवडाई म्हातारी, चार म्हशी पाळून होती. तिच्या दारात कडब्याची उंच गंजी उभी होती.

"आक्का, कडबा देतीस का? माझी गंजी संपली. हसायचं तर हस."

"बस आधी," आवडाई म्हणाली. "हसायचं कुणी कुणाला? माझ्या घरी बघ. म्हशी तुकतुकीत, आणि नातवंडं आंबिलीवर. मी दर साली उंचातलं उंच ताट बघून बी धरत गेले. ताट वाढत गेलं, कणीस आखडत गेलं. आता बोराएवढं उरलंय."

मग ठरलं. राणोजीची एक कणगी आवडाईकडं गेली, आवडाईची अर्धी गंजी राणोजीकडं आली. हरण्यानं त्या ताटाचा पहिला घास घेतला आणि डोळे मिटून चावत राहिला.

"गोड आहे गं आक्का," राणोजी स्वतःही ताट चावून बघत म्हणाला. "आमच्या ज्वारीसारखं."

"तुमचीच आहे ती. तुझ्या बापानं ओंजळभर दिली होती मला. तो ताट चावूनही बघायचा आणि कणीसही बघायचा. माझं लक्ष नुसतं उंचीवर."

राणोजीच्या डोळ्यांपुढं चुलीवरचं रिकामं आढं आलं. दाणा त्यानं पासोडीवर बघितला होता. ताट बघितलंच नव्हतं. आणि ताट ज्याला खायचं, त्याला विचारलंही नव्हतं.

पुढच्या पेरणीला त्यानं वावराचे दोन भाग केले. एकात घरासाठी ठेंगणी पेरली, दुसऱ्यात आवडाईकडून आणलेली उंच. काढणीच्या दिवशी तो हरण्याला घेऊन उंच ज्वारीत शिरला. चांगलं कणीस दिसलं की ते ताट उपटायचा, बुडख्याचा तुकडा कापून हरण्यापुढं धरायचा. हरण्यानं तोंड फिरवलं तर ते कणीस खळ्यावर. चावून खाल्लं तर कणीस बियासाठी चांगुणाच्या पदरात.

बांधावरून लोक म्हणाले, "आता बैलाला विचारून पेरणार काय रे?"

"आधी नाही विचारलं," राणोजी म्हणाला, "त्याचं फळ बघितलंत की तुम्ही."

असं चार-पाच सालं चाललं. उंच ज्वारीचं कणीस हळूहळू भरत आलं, ताट गोडच राहिलं. त्यातलं बी आवडाईकडंही गेलं, आणि तिच्या नातवंडांच्या ताटात भाकरी आली. राणोजीच्या आढ्याला आता दोन जुड्या लोंबायच्या, एक घराची, एक गोठ्याची.

हरण्या पुढं म्हातारा झाला. मानेवरचं जू उतरलं, नांगराला दुसरा बैल आला. पण काढणी आली की राणोजी त्याला हळूहळू चालवत वावरात न्यायचा, ताटाचा तुकडा पुढं धरायचा आणि वाट बघत उभा राहायचा. म्हाताऱ्या बैलाला चावायला वेळ लागतो. राणोजीला घाई नसायची.

यातून घ्यायचं ते एवढंच: निवड करताना आपल्यावर जगणारी सगळी तोंडं आठवावीत, आणि ज्याला बोलता येत नाही त्याला सगळ्यात आधी विचारावं.