कुलपातली करंजी

एका राज्यात, सात नद्यांच्या पलीकडे, चंद्रधवल नावाचा राजा राज्य करीत होता. त्याचा एकुलता एक पुत्र लढाईवर गेला, तेव्हा राजानं फर्मान काढलं की प्रत्येक सणाचा पहिला घाणा राजपुत्राच्या नावानं कोठीत ठेवावा आणि तो परत येईपर्यंत त्याला कोणी हात लावू नये. मांत्रिकानं कोठीवर मंत्र टाकला. त्या मंत्रानं तिथं मुंगी शिरत नसे, बुरशी धरत नसे. शिळेपणाला मात्र मंत्र नाही. लाडू दगड झाले, शंकरपाळ्यांना खवट वास सुटला, करंज्यांतलं सारण खुळखुळ्यासारखं वाजू लागलं.

कोठीची किल्ली साळू आचारणीच्या कमरेला असे. मुदपाकखान्यात तिचा शब्द खाली पडत नसे, आणि त्या किल्लीचा तिला फार अभिमान होता.

सहाव्या वर्षी दुष्काळ पडला. मुदपाकखान्यातल्या माणसांनाही दिवसाला ओंजळभर कण्या मिळत. साळूची सात वर्षांची लेक बेणू कोठीच्या दारात येऊन बसली.

"आई, एकच करंजी दे. अर्धी तू खा, अर्धी मी खाते."

"ती आपली नव्हे, बाळ. राजपुत्राची आहे."

"राजपुत्र कुठाय?"

"येईल."

राजपुत्र आला नाही. आठव्या दिवशी बेणू गेली. त्यानंतर साळूनं गोडाला तोंड लावलं नाही, पण कमरेची किल्लीही सोडली नाही. इमानी माणसांची हीच तऱ्हा. ज्यापायी घर बुडालं, तेच उराशी धरून बसतात.

बाराव्या वर्षी दूत आला. राजपुत्र परक्या राज्याचा जावई होऊन तिथंच सुखानं नांदत होता. कोठीची हकीगत त्याच्या कानी गेली होती. दूत मान खाली घालून म्हणाला, "महाराज, युवराजांनी गोड सोडलं आहे. दातांना बाधतं."

राजाचा राग मस्तकात गेला. "कोठी रिकामी करा. सगळं खंदकात फेका."

पहिली पाटी पाण्यात पडली मात्र, राज्यातलं प्रत्येक तोंड कडू झालं. ऊस कडू, मध कडू, आईचं दूधही कडू. तान्ही मुलं दूध पिईनात. वैद्य आले, जिभा पाहून गेले.

तेव्हा तटावरचा एक डोमकावळा माणसाच्या वाणीनं बोलू लागला. "राजा, अन्न कोंडलंस, आणि वर फेकलंस. तीन दिवसांत शाप उतरला नाही तर पाळणे रिकामे होतील. जिच्या कमरेला किल्ली आहे, तिनं तीन कामं करावीत. दगड झालेल्याचं पीठ करावं, धातू न लावता. तेवढ्या पिठातच प्रत्येक मुखी घास घालावा. आणि जिला नाही म्हणाली, तिला तिचा वाटा द्यावा."

साळू म्हणाली, "ती आता कुठं आहे?"

"तेही मीच सांगू?" असं म्हणून कावळा उडाला.

पहिल्या दिवशी साळूनं खंदकात उतरून बुडालेली पाटी बाहेर काढली. राजवाड्यातल्या दगडी उखळांत लाडू घातले, तर उखळं तडकली. मग तिनं गावातून जाती मागवली. दुष्काळात ज्यांना दाणा मिळाला नव्हता, ती जाती लाडवांना अशी भिडली की संध्याकाळपर्यंत केशरी पिठाचा डोंगर उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तिनं पिठात सुंठ घातली, खवटपणा मारला आणि साटोऱ्या लाटायला घेतल्या. परात रिती होईना. मात्र हाताची सवय जाते थोडीच? पहिल्या पाच साटोऱ्या तिनं राजासाठी बाजूला झाकून ठेवल्या, आणि त्याच क्षणी परातीचा तळ दिसला. साळूनं ते झाकण उचललं, पाचही साटोऱ्या दारातल्या भिकारणीच्या पदरात घातल्या. परात पुन्हा भरली. वेशीपर्यंत पंगती बसल्या. लोकांनी ते कडूजहर अन्न डोळे मिटून गिळलं, राजानंही गिळलं.

तिसऱ्या दिवशी कोठीत एकच करंजी उरली होती. ती साळूनं मुद्दामच दळली नव्हती. जिथं बेणूला पुरलं होतं त्या आंब्याखाली तिनं पान मांडलं, पानावर करंजी ठेवली. कावळा फांदीवर येऊन बसला, पण शिवेना.

राजानं हात जोडले. "बाळे, यापुढं कोठीला कुलूप लागणार नाही."

कावळा शिवला नाही.

साळू म्हणाली, "तुझ्या नावानं अन्नछत्र घालीन."

कावळा पानापाशी उतरला, मान वाकडी करून पाहिलं, मागं सरकला.

"तिची इच्छा काय होती, साळूबाई?" राजानं विचारलं.

साळूला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. साऱ्या राज्याला वाढणं सोपं होतं, हे जड होतं. तिनं करंजी मोडली. अर्धी पानावर ठेवली, अर्धी तोंडात घातली. कडू लागेल म्हणून मन घट्ट केलं होतं. खोबरं जरा खवट होतं, पण करंजी गोड लागली. म्हणजे त्या दिवशीही ती गोडच होती. तो घास तिला गिळवेना. तरी तिनं गिळला.

कावळ्यानं पानावरची अर्धी उचलली आणि तो उडाला. गावातून तान्ह्या मुलांच्या दूध पिण्याचे आवाज येऊ लागले.

राजानं कोठीचं दार काढून टाकलं. सणाच्या तिसऱ्या दिवसानंतर उरलेलं गोड वाटून टाकायचं, कडक झालं तर दळून साटोरी करायची, असा त्या राज्याचा रिवाज झाला. त्या साटोरीला लोक बेणूची साटोरी म्हणू लागले.

साळूनं किल्ली राजापुढं ठेवली.

"माग, काय हवं ते माग," राजा म्हणाला.

"मागितलं होतं ते तिनं, महाराज. मी आता मागून काय करू?"

त्या राज्याचं तोंड गोड झालं, तसं तुमचंही होवो. आणि तुमच्या घरी डब्याच्या तळाशी कोणासाठी काही राखून ठेवलं असेल, तर आजच काढा. समोर जो बसला आहे, त्याला द्या.