अधिपतींचे डावे शिंग

त्या राज्यात अधिपतींना जवळून पाहिलेले फार थोडे होते. राजधानी डोंगराच्या माथ्यावर आणि प्रजा खाली खोऱ्यात. अधिपती एक काळवीट आहेत, खिंडीत लांडग्यांशी झालेल्या लढाईत त्यांचे एक शिंग मोडले आणि त्या मोडक्या शिंगाच्या पुण्याईवर आपण जिवंत आहोत, एवढे मात्र सर्वांना पाठ होते. शिंग कोणते, हे कोणी विचारले नव्हते.

खोऱ्यात एक साप्ताहिक निघत असे. त्याचे संपादक धनेशपंत हे आपल्या मोठ्या चोचीला शोभेल असेच वजनदार लिहीत. एके वर्षी त्यांनी ठरवले की लढाईच्या स्मरणार्थ अधिपतींचे चित्र छापायचे. आजवर असे चित्र कोणी छापले नव्हते. हे काम टकू नावाच्या सुतारपक्षिणीकडे आले. लाकडाच्या गुळगुळीत ठोकळ्यावर चित्र उलटे कोरायचे, त्याला शाई फासून कागद दाबायचा, म्हणजे ते सुलट उमटते. तिच्याइतकी बारीक रेघ त्या राज्यात कोणाची नव्हती.

टकू डोंगरावर गेली, एक दुपारभर समोरच्या फांदीवर बसून अधिपतींना न्याहाळले आणि परत येऊन ठोकळा कोरला. डोळ्यांतला ओलसरपणासुद्धा तिने रेघांत पकडला होता. धनेशपंतांनी छापाचा नमुना पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अगं, अधिपतींची पाठ आपल्या मजकुराकडे आलीय. शेजारी मी त्यांची एवढी स्तुती लिहिलीय आणि ते तोंड फिरवून उभे! फिरवून कोर."

"फिरवलं तर मोडकं शिंग उजवं होईल, पंत. त्यांचं डावं मोडलंय."

"शिंगाकडे कोण बघतंय, टकूबाई? चेहरा बघतात लोक."

टकूने दुसरा ठोकळा घेतला आणि फिरवून कोरले.

अंक निघाला आणि दुपारपर्यंत एकही प्रत उरली नाही. बिळांत, ढोल्यांत, गुहांच्या भिंतींवर चित्र लागले. मुंगसांनी आपापली भांडणे त्याच्यासमोर शपथा घेऊन मिटवली. विधवा टिटव्या सकाळी त्याला दाणे वाहू लागल्या. हे सगळे अधिपतींच्या कानावर गेले. ते सुखावले आणि त्यांनी विजयदिनी स्वतः खोऱ्यात उतरायचे ठरवले.

खोरे तुडुंब भरले होते. प्रत्येकाच्या हातात चित्र होते. अधिपती उंचवट्यावर आले, मान वर केली, आणि जयजयकार अर्ध्यावरच विरला. सगळे एकदा चित्राकडे बघत होते, एकदा त्यांच्याकडे.

"तोतया आहे!" मागून कोणी तरी ओरडले. "शिंग बघा, शिंग!"

पहिला दगड आला तेव्हा टकूला वाटले, चुकून आला असेल. मग दगडांचा पाऊस सुरू झाला. त्यात दौलू नावाचा म्हातारा गवा पुढे घुसला आणि अधिपतींना पाठीशी घालून उभा राहिला. खिंडीतल्या लढाईतून परतलेल्यांपैकी तोच एक उरला होता.

"अरे, हेच ते!" तो गरजला. "मी शेजारी होतो. डावंच मोडलं, माझ्या डोळ्यांदेखत मोडलं. चित्र चुकलंय, चित्र!"

चित्र चुकले म्हणताच जमाव त्याच्यावर तुटून पडला. या गडबडीत पहारेकऱ्यांनी अधिपतींना कसेबसे डोंगरावर नेले. लोकांना शांत करण्यासाठी त्यांनी दौलूलाही पकडून नेले. चित्राचा अपमान केला म्हणून त्याला कड्यावरून लोटायचे, असे त्याच संध्याकाळी जाहीर झाले.

टकू उडत धनेशपंतांकडे गेली. "पंत, दोन ओळी छापा. चित्र फिरवलं होतं, एवढंच लिहा. त्याचा जीव जाईल हो!"

धनेशपंत चोच पुसू लागले. "हे चुकलं म्हटलं, की याआधीचं काय काय चुकलं होतं ते लोक विचारतील. मला नाही जमायचं, टकूबाई."

तेव्हा ती उजाडताच डोंगरावर गेली. अधिपती कपाळाच्या जखमेवर पाला बांधून बसले होते. समोर तेच चित्र टांगलेले होते. तिने सगळे सांगितले, रडत सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"आम्हाला कळतं ते," ते म्हणाले. "शिंग आमचंच होतं ना."

टकूच्या जिवात जीव आला. "मग सरकार, एकदा खाली येऊन सांगा. तुमचं ऐकतील."

"काल ऐकलं का?" ते चित्राकडे बघत राहिले. "तू फार सुंदर कोरलंस. त्यांचा जीव याच्यावर जडलाय. आम्ही तर नुसते याच्यासारखे दिसतो. तेही पुरतं नाही."

त्यांनी खूण केली. टकूला वाटले, फर्मान लिहिणारा येईल. आत आले ते साळिंदर. ते अधिपतींच्या उजव्या बाजूला बसले आणि त्यांच्या धडधाकट शिंगाच्या बुडाशी दात लावून कुरतडू लागले.

कुरतडण्याचा आवाज दालनभर घुमत होता. अधिपतींची नजर चित्रावरून हलली नाही. शिंग गळून पडले तेव्हा रक्ताची धार त्यांच्या डोळ्यात गेली. सेवकांनी ते शिंग उचलून डाव्या खुंटावर लाखेने चिकटवले. त्याचा पीळ उलटा होता. ते भलतीकडेच वळले होते.

मग दौलूला दोराने बांधून आणले. अधिपतींनी मान वर केली. "आता बघ, दौलू. कोणतं मोडलंय?"

म्हाताऱ्याने पाहिले. "सरकार, हे काय करून घेतलंत?"

"कोणतं?"

"आत्ता उजवं," दौलू म्हणाला. "खिंडीत डावं."

अधिपतींनी डोळे मिटले. पहारेकऱ्यांनी दोर ओढला.

"सरकार, तो खरं बोलतोय!" टकू किंचाळली.

"हो ना," अधिपती म्हणाले. "एवढा एकच उरलाय."

कड्यावरून पहारेकरी परतले तेव्हा त्यांच्या हातात नुसता दोर होता. टकू उडाली. खाली जाऊन दिसेल त्याला सगळे सांगायचे, एवढेच तिच्या मनात होते.

डोंगराच्या पायथ्याशी साळिंदरांच्या बिळांपुढे लांबच लांब रांग लागली होती. कालपासून प्रत्येकाला शेजारी तोतयाच्या बाजूचा वाटू लागला होता आणि प्रत्येकाला तो संशय आपल्यावरून झटकायचा होता. रानबकरे, चौशिंगे, नीलगायी, गवे. रांगेच्या पुढच्या टोकातून निघणाऱ्या प्रत्येकाचे उजवे शिंग गेलेले होते.

त्यांच्यातून एक ससा बाहेर आला. त्याच्या डोक्याला गुंडाळलेले पान लाल झाले होते आणि उजव्या कानाच्या जागी काहीच नव्हते. टकूला पाहताच तो लगबगीने जवळ आला. एका हाताने चित्र आपल्या चेहऱ्याशेजारी धरून तो ताठ उभा राहिला.

"बाई, तुम्हीच बघून सांगा," तो म्हणाला. "हुबेहूब आलंय ना?"