खंडेनवमीचं प्रवचन

"मग या नव्या युगाचा ऐतिहासिक अर्थ काय, ते तरी सांगा, आक्का."

भागीरथीआक्का कोयता पुशीत होत्या. तापीकाठच्या त्यांच्या मठात खंडेनवमीची पूजा मांडायची होती. पाटावर विळी, खुरपी, कात्री, जुना रेडिओ ओळीनं ठेवला होता.

विचारणारे होते चौधरीसर, इतिहासाचे निवृत्त प्राचार्य. घरी त्यांचं ऐकायला कुणी थांबत नसे. कुकरची शिट्टी झाली म्हणून सून उठायची. कुकर लावलेलाच नसायचा. म्हणून सरांनी मठ धरला होता. आज संध्याकाळचं प्रवचन आपल्याला मिळावं, एवढीच त्यांची इच्छा. आक्कांचा होकार तेवढा बाकी होता.

आक्का म्हणाल्या, अर्थ तूच सांग.

सरांनी चाकापासून सुरुवात केली. छापखाना येईपर्यंत आक्कांचा कोयता पुसून झाला, पाटावरही गेला. वाफेच्या इंजिनापाशी दर्शनाला आलेलं एक जोडपं चपला शोधायला म्हणून बाहेर गेलं, ते परतलं नाही. प्रत्येक पिढीला इतिहास आपल्याच दारात वळला असं वाटतं. सरांच्या मते तो खरोखरच त्यांच्या दारात वळला होता.

शेवटी त्यांनी खिशातून मोबाइल काढला. हे यंत्र स्वतः विचार करतं, म्हणाले. आजचं प्रवचनसुद्धा यानंच लिहून दिलंय, फक्त वाचायचं आहे.

आक्कांनी मोबाइल हातात घेतला, फडक्यानं पुसला आणि विळीशेजारी ठेवला. त्यावर झेंडूचं फूल वाहिलं.

सर दुखावले.

"आक्का, हे हत्यार नव्हे."

"मग?"

"हत्यार माणसाच्या हातात असतं. इथे उलटं झालंय. इतिहासात पहिल्यांदाच."

"उलटं म्हणजे कसं?"

"म्हणजे... ते ठरवणार, आणि आपण..."

"आपण काय?"

सरांनी आवाज खर्जात नेला. "स्पष्टच सांगायचं, तर आता आपणच त्याची हत्यारं."

आक्कांनी फडकं खाली ठेवलं. 

मग त्यांनी मोबाइलवरचं फूल उचललं. पटलं यांना, असं सरांना वाटलं.

पाटावरची विळी आक्कांनी जरा सरकवली आणि मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं. सर गुडघे सांभाळत बसले. एका बाजूला विळी, दुसऱ्या बाजूला कोयता. आक्कांनी त्यांच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, डोक्यावर फूल ठेवलं, हात जोडले.

सरांचे डोळे भरून आले. इतका मान त्यांना निरोप समारंभातही मिळाला नव्हता.

"मग आक्का... संध्याकाळी मीच बोलू ना?"

"हलू नकोस," आक्का म्हणाल्या. "पूजेला बसलेलं हत्यार आज चालवायचं नसतं."