पौषातलं खोबरेल

"तेल मागितलं आणि चरबी आणलीस? घाला याला बेड्या!"

भिवाजीराजे असे गरजले की दरबाराच्या छपरातली कबुतरं उडाली. धाकू तेल्याला काय झालं ते कळायच्या आत त्याच्या पायांत बेडी पडलीसुद्धा!

बिचारा समुद्रकाठचा माणूस. चार दिवस घाट चढून गडावर आला होता. डोक्यावर खोबरेलाचं मडकं आणि सोबत लेक आवडी. राजांनीच तर तेल मागवलं होतं. थंडीने त्यांच्या टाचांना भेगा पडल्या होत्या, अंग खाजून खाजून पांढरं पडलं होतं आणि ओठ तर असे फुटले होते, की दिवाळीपासून राजे एकदाही हसले नव्हते. हसले की रक्त यायचं! आणि आज मडक्याचं तोंड उघडलं, तर आत पांढराशुभ्र दगड.

गडावरच्यांना माहीत करडईचं तेल. ते कितीही गारठा पडो, पातळच राहतं. त्यात नागनाथवैद्य पुढे सरसावले. राजांच्या टाचांना तीन वर्षं तेच शेळीच्या चरबीचा लेप थापत होते, आणि गुण म्हणाल तर शून्य.

"महाराज, ही तर शुद्ध चरबी! मी ओळखतो ना!"

"तुम्ही ओळखणारच, वैद्यबुवा," आवडी म्हणाली, "रोजची संगत तुमची!"

"कोण गं तू?" राजे खेकसले.

"धाकू तेल्याची लेक, महाराज. हे तेलच आहे, थंडीने गोठलंय. एवढ्या गारठ्यात माणसं गोठतात, मग तेलाने काय घोडं मारलंय?"

"तोंड फार चालतं तुझं! बाप राहील अंधारकोठडीत. आणि उद्या तुमचा घाणा मोडून टाकतो, बैल आणतो ओढून!"

आवडीने बेडीतल्या बापाकडे पाहिलं. बाबा कोठडीत आणि घाणा मोडलेला, मग घरी आईला सांगायचं काय? पण रडून राजा ऐकतो थोडाच!

"महाराज, पातळ करून दाखवलं तर सोडाल बाबांना?"

"दाखव!"

"मग जरा चुलीवर ठेवते."

"हात्तिच्या!" वैद्य ओरडले. "चुलीवर तर चरबीसुद्धा वितळते!"

"खरंच की! चूल नाही!" राजे म्हणाले.

"मग उन्हात ठेवते."

"ऊन नाही!"

"कढत पाण्यात?"

"पाणी नाही, निखारा नाही, दिवासुद्धा नाही! आणि तू बोट लावायचं नाहीस. तुझ्या बापाने नाही. माझ्या एकाही चाकराने नाही, सरदाराने नाही, या नागनाथाने नाही!"

राजांना एकदा बंदी घालायचा नाद लागला की ते थांबत नसत. आवडी ऐकत होती. तोंड पाडून उभी होती खरी, पण ऐकता ऐकता तिचे डोळे लकाकले.

"राणीसाहेबांनी लावला हात तर?"

"त्यांनीही नाही!"

"अजून कुणी? नीट आठवा हं, महाराज. मागाहून म्हणू नका."

"कुणी उरलंच नाही! आता वितळव! जमलं तर बाप सुटेल, वर हे कडंही तुझं!" राजांनी उजवा हात उंचावला.

सगळे सरदार उपरण्याआड हसले. ते सोन्याचं कडं राजांनी विसाव्या वर्षी घातलं. पुढे मनगट सुटलं आणि कडं त्यात रुतून बसलं. तीन सोनारांनी हात टेकले होते. दानशूर राजे हेच कडं आजवर सात जणांना बक्षीस देऊन बसले होते!

"शब्द दिलात, महाराज," आवडी म्हणाली. "मग आता ही ढेप घ्या आपल्याच मुठीत."

"मी?"

"मग दुसरं कोण? मला बंदी, बाबांना बंदी, अख्ख्या गडाला बंदी. उरलात एकटे आपण!"

राजे स्वतःच्याच शब्दात अडकले होते. करतात काय? कट्यारीने ढेप उकरली आणि घेतली उजव्या मुठीत.

"आणि वैद्यबुवांच्या बटव्यातला लेप डाव्या मुठीत धरा. तेल कुठलं नि चरबी कुठली, दोन्ही हात सांगतील."

राजे दोन्ही मुठी वर धरून बसले.

"किती वेळ गं?"

"राग तेवढा शांत होऊ देऊ नका, महाराज. लवकर होईल!"

राजे आणखीच भडकले. आणि टप्! उजव्या मुठीतून थेंब पडला. मग धारच लागली. तेल मनगटावरून, कड्याखालून, थेट कोपरापर्यंत ओघळलं. ताज्या खोबऱ्याचा वास दरवळला. डाव्या मुठीत लेप होता तस्सा, ढिम्म!

राजांनी तेलाचं बोट ओठांवरून फिरवलं. पुन्हा फिरवलं. "आहाहा!" म्हणाले, आणि मग त्यांना वैद्य आठवले.

"नागनाथ! तीन वर्षं मला चरबी फासलीस, आणि वर या गरिबाला चोर ठरवतोस?"

असं म्हणून त्यांनी वैद्यावर हात झटकला मात्र, कडं सुळ्ळकन निसटलं, वैद्यबुवांच्या कानाजवळून गेलं आणि खणखणत आवडीच्या पायाशी येऊन पडलं!

राजे आपल्या मोकळ्या मनगटाकडे बघतच राहिले. आवडीने कडं उचललं, कपाळाला लावलं.

"महाराज शब्दाला जागले!"

"अगं पोरी," राजे म्हणाले, "आधीच्या सात जणांना आता मी काय तोंड दाखवू?"

"सांगा ना, महाराज, त्यांनी येताना तेल आणलं नव्हतं!"

राजे हसले. आधी जपून, ओठ सांभाळत. काहीच दुखलं नाही, तेव्हा पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. धाकूची बेडी तिथल्या तिथे निघाली, घाण्याला दुसरा बैल मिळाला, आणि रोज सकाळी राजांच्या टाचांना खोबरेल चोळायचं काम मिळालं नागनाथवैद्यांना!