कानात घातलेला शब्द

शके अठराशे पंचाहत्तर, माघ महिन्याचा शुद्ध पक्ष. थंडी उतरणीला लागली होती, ऊस तुटत होता आणि नदीकाठची गुऱ्हाळे पेटली होती. अशा दिवसांत एकदा एक तरुण सुतार आपल्या गुरूच्या पडवीत आला आणि हत्यारांची पिशवी त्याने जमिनीवर आपटली.

गुरू म्हातारा होता. बैलगाडीचे चाक त्याच्यासारखे त्या मुलखात कोणी करत नसे. लोक त्याला आबा मिस्त्री म्हणत. शिष्याचे नाव भैरू. बाप वारलेला, घरात आई आणि लग्नाची बहीण हौसा. घरचा कर्ता तोच.

"काय मोडलं?" आबांनी विचारले.

"सोयरीक."

"जुळली कधी हुती?"

भैरू खाली बसला आणि त्याने सगळे सांगितले. पेठेतल्या लाकडाच्या वखारीत सगुण नावाचा एक तरुण सुतार होता. मूळचा तळकोकणातला, एकटा, कामाला चोख. वखारवाल्यानेच पुढाकार घेतला आणि परवा तो सगुणला घेऊन हौसाला पाहायला आला. आईने पोहे केले. हौसा येऊन बसली, नाव सांगितले, आत गेली. निघताना दारात भैरूने पाहुण्याला विचारले, "मग, कशी वाटली मुलगी?"

"आणि त्यो म्हणाला काय, आबा? 'बरी आहे' म्हणाला! बरी! माझी बहीण बरी? पावण्याला आंबट ताक दिलं तरी पावणा म्हणतो, बरं हाय."

"आणखी काय केलं त्यानं?"

"आणखी काय करायचं ऱ्हायलं? सारा वेळ मान खाली. आमच्याकडं बघायलासुद्धा कमीपणा. मधीच मान वर केली ती आढ्याकडं. घर किती पडकं हाय ते मोजत हुता. वर विचारतो, ही चौकट कुणी केली? माझ्या कामात खोड काढायला बघत हुता."

"काढली?"

"न्हाई. पर काढणारच हुता."

आबांनी तंबाखू मळली. "हौसा काय म्हणती?"

"ती हसती. म्हणती, दादा, बऱ्या पोह्यांसाठी कुणी दुसऱ्यांदा बशी पुढं करतं का?"

"मग?"

"मग काय! हावरट पण हाय."

आबांच्या मिशा जराशा हलल्या. पण ते हसले नाहीत. त्यांना कारणाशिवाय हसताना कोणी पाहिले नव्हते.

"हे सगळं कुणाकुणाला सांगितलंस?"

"वखारीसमोरच्या चहाच्या टपरीवर सांगितलं. चार माणसांना कळू दे, कसला ताठ्याचा माणूस हाय त्यो. उद्या बाजार हाय. वखारवाल्याला उद्याच नकार कळवतो, म्हंजे झालं."

"उद्या सकाळी माझ्यासंगं चल," आबा म्हणाले. "दोन ठिकाणी काम हाय. नकार दुपारनं दे. तेवढ्यानं नासत न्हाई."

दुसऱ्या दिवशी उन्हे वर यायच्या आत दोघे निघाले. आबांची एक शिस्त होती. गुरू गिऱ्हाइकाशी बोलत असताना शिष्याने तोंड उघडायचे नाही. भैरू ही शिस्त बारा वर्षांचा असल्यापासून पाळत आला होता.

पहिले घर एका धान्याच्या व्यापाऱ्याचे होते. त्याला माजघराचा दरवाजा बदलायचा होता. आबा पुढे झाले, व्यापाऱ्याच्या कानाशी लागून काही पुटपुटले आणि मग बैठकीवर बसले. व्यापाऱ्याने भैरूकडे एकदा निरखून पाहिले. भैरू नेहमीप्रमाणे खांबाला टेकून गप्प बसला.

मापे घेताना व्यापारी म्हणाला, "तुमचा शागीर्द काही बोलत नाही. आमच्याशी बोलायला लागत नसेल त्याला!"

भैरूने शिस्त पाळली.

आतून चहा आला. चारचौघांत पहिल्यांदा नको म्हणावे, आग्रह झाल्यावर घ्यावे, ही त्याच्या आईची शिकवण. तो म्हणाला, "नको."

आग्रह झाला नाही. "राहू दे गं," व्यापाऱ्याने बायकोला सांगितले. "आपल्या घरचा चहा उतरायचा नाही त्याच्या घशाखाली. मोठी माणसं ही."

चहा परत गेला. भैरू सकाळपासून उपाशी होता. कपाच्या वाफेकडे त्याने शेवटपर्यंत पाहिले.

जुन्या दरवाजावर जुन्या कारागिराने कमळ कोरले होते. काम इतके सुंदर होते की भैरू उठून त्याच्याजवळ गेला आणि पाकळ्यांवरून बोट फिरवू लागला.

"झालं!" व्यापारी हसला. "निघाला नावं ठेवायला. अहो, तुमच्या जन्माच्या आधीचं काम आहे ते!"

भैरूच्या कानशिलांना आग लागली. रस्त्यावर येताच तो म्हणाला, "आबा, या माणसाचं मी काय वाकडं केलं?"

"चल, उशीर हुतोय," आबा म्हणाले.

दुसरे ठिकाण म्हणजे ओढ्यापलीकडचे गुऱ्हाळ. ते तानूबाई नावाची एक विधवा बाई चालवत असे. दहा माणसांना कामाला लावणारी, तोंडाची फटकळ. तिच्या गाडीचे चाक डुगडुगत होते. आबा पुढे झाले आणि तिच्याही कानाशी लागले. तानूबाईने डोळे मोठे करून भैरूकडे पाहिले आणि तोंडाला पदर लावला.

भैरूचे डोके अजून तापलेलेच होते. तो कोणाला रामराम न करता गाडीजवळ गेला आणि सगळ्यांकडे पाठ करून चाकाशी बसला.

"अगं बाई, बघा तरी!" तानूबाई उसाच्या मोळ्या टाकणाऱ्या बायकांना म्हणाली. "मान वर करंल तर शपथ! आजकालची पोरं कशी डोळं फाडून बघत्यात, आणि हा बघा."

"काकू, काकवी घेणार का विचारा की त्याला!"

"नको," भैरू तुसडेपणाने म्हणाला.

"लाजतोय गं!" बायका खिदळल्या. "आवाज फुटंना त्याला!"

"मी लाजत न्हाई!" भैरू ओरडला.

आता तर गुऱ्हाळ हास्याने दणाणले. चुलवाणात जाळ घालणारा म्हातारासुद्धा डोळे पुसू लागला. "लाल झाला, लाल झाला!" कोणीतरी म्हणाले. तानूबाईने उसाच्या कांडक्याला गरम गूळ गुंडाळला आणि भैरूच्या हातात कोंबला. वर काकवीचा पेला, वर शेंगदाणे. तो नको म्हणत गेला आणि बायका वाढत गेल्या. उपाशी माणूस शेवटी खायला लागला. त्याने चाकाची लोखंडी धाव ठोकली ती रागाने, दणादण.

"काम बघा कसं मन लावून करतंय!" तानूबाई म्हणाली. निघताना तिने त्याच्या खिशात गुळाचे खडे भरले आणि डोक्यावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटे मोडली. "मिस्त्री, असं गुणी पोरगं कुठं मिळालं हो तुम्हांला?"

ओढा ओलांडून दोघे पलीकडे आले. भैरूच्या खिशात गूळ होता आणि डोक्यात गोंधळ. शेवटी तो थांबला.

"आबा, तुम्ही त्या दोघांच्या कानात काय सांगितलं?"

आबा कडेच्या दगडावर टेकले.

"व्यापाऱ्याला सांगितलं, पोरगं हुशार हाय, पर गर्विष्ठ हाय. तानूबाईला सांगितलं, पोरगं हुशार हाय, पर लाजाळू हाय. एकेक शब्द. बाकीचं त्यांचं त्यांनी बघितलं."

भैरूचा हात खिशातल्या गुळावर गेला.

"आता सांग," आबा म्हणाले, "कोणत्या घरी तू नीट वागलास?"

भैरूने विचार केला. "व्यापाऱ्याच्या," तो शेवटी म्हणाला. "तानूबाईकडं तर मी रामरामसुद्धा केला न्हाई. वरडलो."

"जिथं नीट वागलास तिथं उपाशी ऱ्हायलास. जिथं वाईट वागलास तिथं खिसा भरून गूळ मिळाला. कुणी तुला पाहिलंच न्हाई, पोरा. दोघांनी कानातला शब्द पाहिला. एकदा शब्द आत बसला की माणूस बोलला तर त्याच्याच बाजूची साक्ष, गप्प बसला तरी त्याच्याच बाजूची साक्ष. चहा नको म्हटलास ते तुझ्या आईच्या शिकवणीनं, पर व्यापाऱ्याला त्यात तुझा स्वभाव दिसला. तानूबाईकडं वरडलास तेव्हा तू स्वतःला काय म्हणालास? माझा स्वभाव वाईट हाय, असं?"

"न्हाई. म्हटलं, सकाळपासनं डोकं तापलंय म्हणून वरडलो."

"बरोबर. आपण चुकलो की ऊन असतं, भूक असते, आधीच्या घरचा अपमान असतो. दुसरा चुकला की त्याचा स्वभाव असतो. आपली वाट आपल्याला दिसती. त्याची दिसत न्हाई, म्हणून आपण ती नव्हतीच असं धरून चालतो."

आबांनी तंबाखू मळायला घेतली. एवढे ते एका दमात क्वचितच बोलत.

"तुझ्या कानात तर कुणी काही घातलं नव्हतं. त्या पोराच्या तोंडातनं एक शब्द पडला, आणि तुझा तूच तो कानात घालून घेतलास. मग त्याची खाली मान म्हंजे ताठा, वर मान म्हंजे मोजमाप, खाल्लं तर हावरट. चौकट सुताराच्या नजरेला पडणार न्हाई तर कुणाच्या? शब्दाचा अर्थ काय, एवढं त्याला इचारलंस?"

"त्यात इचारायचं काय? बरी म्हंजे बरी."

"तुझ्या गावात," आबा म्हणाले आणि उठले. पण ते गावाकडे निघाले नाहीत. आल्या वाटेने मागे वळले.

"आबा, कुठं?"

"व्यापाऱ्याकडं. तुझं नाव मी उसनं घेतलं आणि तिथं मळवून आलो. ते धुऊन द्यायचं देणं माझ्याकडं लागतं. तानूबाईला तेवढं काही सांगत न्हाई. तिथं तुझा फायदाच झालाय." त्यांच्या मिशा पुन्हा हलल्या. "तू कुणाचं काय देणं लागतोस, ते तुझं तू बघ."

भैरू पेठेत पोचला तेव्हा बाजार भरात होता. वखारीसमोरच्या टपरीवर नेहमीची मंडळी बाकावर खेटून बसली होती. हमाल, करवतवाले, एक गाडीवान. जोरात गप्पा चालल्या होत्या. समोर वखारीच्या दारात सगुण एका ओंडक्यावर एकटाच बसला होता आणि भाकरी खात होता. परवापर्यंत तो याच बाकावर बसत असे. भैरूला हे ठाऊक होते.

भैरू त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. सगुण गडबडून उठला. हातातली भाकरी कुठे ठेवावी ते त्याला कळेना.

"एक इचारायचं हाय," भैरू म्हणाला. "माझ्या बहिणीला तुम्ही बरी म्हणालात. बरी म्हंजे काय?"

सगुणचा चेहरा उतरला. "माझं काही चुकलं काय?"

"चुकलं न्हाई. अर्थ सांगा."

"बरी म्हणजे..." सगुण अडखळला. त्याने मान खाली घातली, आणि ती का खाली जाते हे भैरूने आज पहिल्यांदा पाहिले. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "बरी म्हणजे बरी. चांगली. आमच्याकडे कुणाचे उपकार झाले तर 'देव बरे करो' म्हणतात. देवाकडे गाऱ्हाणे घालतात तेही सगळ्यांचे बरे कर म्हणून. त्याच्यापुढचा शब्द मला येत नाही. तुमच्याकडे काय म्हणतात?"

भैरू मनात शब्द शोधू लागला. त्याच्या भाषेत सुंदर होते, देखणी होते, लाखात एक होते. पण देवापुढे उभे राहून मागावे असा शब्द त्याला एकदम आठवेना.

"आणि ती चौकट?" त्याने विचारले.

"कुणी केली, तेवढं तुम्ही सांगितलंच नाही. सांधा कुठे आहे ते मला शोधूनसुद्धा सापडलं नाही. म्हटलं, त्या माणसाकडून शिकून घ्यावं."

भैरूने एक मोठा श्वास घेतला. मग हसू आले ते त्याला आवरेना. सगुणला काही कळले नाही, पण समोरचा हसतो म्हणून तोही हसला.

मग भैरू टपरीकडे वळला.

"ऐका रं!" त्याचा आवाज बाजाराच्या गलक्यातून वर गेला. बाकावरच्या गप्पा थांबल्या. "परवा मी हितं उभा राहून म्हणालो, हा सगुण मेस्त्री ताठ्याचा माणूस हाय. ते खोटं हुतं. मी त्याला वळखत नव्हतो. त्याची भाषा मला कळली न्हाई, आणि मी त्याला इचारलं न्हाई. माझी बहीण मी याच माणसाला देतोय. याचा होकार असंल तर."

सगुणच्या हातातली भाकरी ओंडक्यावर पडली.

"होकार काय इचारतोस!" गाडीवान ओरडला. "त्याचं थोबाड बघ की!"

"पर भैऱ्या, हे आधी सांगायचं न्हाई व्हय रं?" एक हमाल म्हणाला. "तुझ्या नादानं दोन दिस आम्ही याच्याशी बोललो न्हाई. आणि हा बी पठ्ठ्या एका शब्दानं इचारंना, काय झालं म्हणून."

"मला वाटलं, देशावर असंच असतं," सगुण म्हणाला.

सगळी टपरी हसली. हमालाने शेजारच्या दोघांना कोपराने ढकलले. बाक आधीच भरलेला होता, तरी सगळे सरकले.

"ये, मेस्त्री. बस हितं."

सगुण रस्ता ओलांडून गेला आणि त्यांच्या मधोमध बसला.