डोंगरमाथ्यावरची बुटकी अँटेना

डोंगरमाथ्यावर माणसांपेक्षा ढगांचीच वर्दळ असायची, त्या काळची ही गोष्ट. तिथे एक रिपीटर राहायचा. एका दरीतला आवाज उचलून तो दुसऱ्या दरीत पोचवायचा. एकदा वादळात त्याची अँटेना मोडली आणि तो मुका झाला. आता संकटाची वर्दी कोण देणार?

मग दोन नव्या अँटेना वर आल्या.

"माझा आवाज सात डोंगर ओलांडतो," उंच, पांढरीशुभ्र अँटेना म्हणाली.

दुसरी जाड नळ्यांची, बुटकी होती. तिने विचारलं, "दादा, इथे वारा कुठून येतो?"

तेवढ्यात एक घार उंच अँटेनेवर टेकली.

"अगं बाई, ऊठ, माझे सांधे निखळतील," ती कण्हली.

घार हसत बुटकीवर जाऊन बसली. बुटकी जराही हलली नाही. "बस निवांत. पिल्लांनाही आण."

"तुझा आवाज किती डोंगर जातो?" रिपीटरने तिला विचारलं.

"तीनच. पण वादळातही जातो."

रिपीटरने तिलाच निवडलं.

पुढच्या वादळात दरड कोसळली. "घाटात गाडी सोडू नका," खालून एका बाईचा आवाज आला. वारा घोंगावत होता, तरी बुटकीने तो आवाज जसाच्या तसा पलीकडे पोचवला.

"थांबवली, ताई," पलीकडून उत्तर आलं.

रिपीटर बुटकीकडे कौतुकाने बघत राहिला. ती मात्र पुढच्या आवाजासाठी कान लावून उभी होती.